आधी खुर्ची, मग बंदूक

छर्रेकाकांना कोणी पाखरं हाकलायला बोलावलं, की ते येताना खुर्ची घेऊन येत. घडीची, लोखंडी, मोपेडच्या मागे सुतळीने बांधलेली. बंदूकही असायची, पण ती कापडी पिशवीत, पायाशी आडवी. घरचे लोक दारात गोळा होत, शेजारचे गच्चीवर चढत, आता काहीतरी धडाधड होणार म्हणून सगळे कान टवकारून उभे राहत. आणि हे गृहस्थ अंगणाच्या कोपऱ्यात खुर्ची मांडायचे, चष्मा पुसायचे आणि मांडीवर हात ठेवून बसायचे. पहिला दिवस नुसतं बसणं. दुसरा दिवसही तोच कार्यक्रम. तिसऱ्या दिवसापर्यंत प्रेक्षक कंटाळून आपापल्या कामाला लागलेले असत.

आमच्या कॉलनीत त्यांचं खरं नाव फारसं कोणाला माहीत नव्हतं. कळमेश्वरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढला, निवृत्त झाल्यावर नागपुरात घर बांधून राहिले. मूळ गाव नरखेड तालुक्यातलं, घरची संत्र्याची बाग. त्यांची हवेची बंदूक त्या बागेतूनच आलेली होती. नळी बुडापाशी वाकवायची, तिच्या मागच्या भोकात शिशाचा छर्रा बसवायचा, नळी सरळ करायची की झाली तयार. लाकडी दस्त्याला ते जवसाचं तेल लावत, त्यामुळे ते जवळून गेले की दुकानात नव्या लाकडी कपाटाजवळ येतो तसा वास यायचा. मोर, पोपट, घुबड यांच्यावर त्यांनी नागपुरात कधी बंदूक उचलली नाही. ती सरकारची पाखरं, असं म्हणायचे. त्यांचं भांडण कबुतरांशी, आणि खरं सांगायचं तर तेही भांडण नव्हतंच.

कारण त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "काहून आलं?" पाखरू कुठे बसतं, किती आहेत, केव्हापासून त्रास आहे, हे ते विचारतच नसत. पाखरू दाण्यासाठी येतं, पाण्यासाठी येतं, नाहीतर अंडी घालायला येतं. यातलं कोणतं ते कळलं की अर्धं काम झालं, असा त्यांचा हिशेब. नागपुरात निम्म्या घरांत उत्तर एकच निघायचं, ते म्हणजे कूलर. उन्हाळा संपला तरी कूलर खिडकीतून काढायचा नाही ही आपल्या लोकांची जुनी खोड. त्याच्या डोक्यावर कबुतरीण दोन काड्या आडव्यातिडव्या टाकते आणि संसार थाटते. काका खुर्चीवरून उठून सांगत की कूलर काढा, तिथे जाळी मारा. एवढं बोलून खुर्चीची घडी. बंदूक पिशवीतच. लोकांना फार वाईट वाटायचं. बंदूकवाला बोलावला आणि त्याने कूलर काढायला सांगितला, हे चारचौघांत कसं सांगणार!

त्यांची दुसरी खोड याहून विचित्र. नेम धरला की ते पाखराकडे कमी आणि त्याच्या मागेच जास्त बघत. इतवारीतल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याने त्यांना गोदामातली कबुतरं मारायला नेलं होतं. काकांनी तीन वेळा बंदूक खांद्याला लावली, तीन वेळा खाली घेतली. एकदा मागे विजेचा मीटर होता, एकदा झरोका आणि त्यापलीकडे हातगाड्यांनी भरलेली गल्ली, एकदा नुसता अंधार. व्यापारी वैतागून म्हणाला की अंधारात काय असणार, पोतीच तर आहेत. काका म्हणाले, मले दिसत नाही म्हणजे तिथं माणूस आहे असंच मी धरतो. मग त्यांनी झरोक्यांना जाळी लावायला सांगितली आणि परत आले.

हे सगळं मला त्यांच्याकडूनच कळलेलं. मी शाळेत गणित शिकवते, मला कोणत्याही गोष्टीचं कारण विचारायची सवय आहे आणि ती सवय सगळ्यांना आवडतेच असं नाही. काकांना आवडायची. एकदा मी विचारलं की मागे बघायचं तुम्हाला कोणी शिकवलं. मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी बागेत पोपटांचा थवा उतरला होता, त्यांनी नेम धरला, पोपट उडाला आणि छर्रा पुढे गेला. पुढच्या झाडाआड धाकटा भाऊ संत्री तोडत होता. छर्रा त्याच्या गालात, डोळ्याच्या खाली दोन बोटांवर घुसला. "त्याचा डोळा राहिला, हे माह्यं नशीब," काका म्हणाले. "तवापासून मी पाखरू नाही पाहत, मॅडम. त्याच्या मागचं पाहतो."

आता आमच्या घरची गोष्ट. बाबा गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी आईला कोरडा खोकला लागला. आधी आम्ही धूळ म्हटलं, मग हवा बदलली म्हटलं. पण ती न्हाणीघरातून स्वयंपाकघरापर्यंत आली तरी भिंतीला हात टेकून उभी राहायला लागली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, फोटो काढले आणि विचारलं, घराजवळ कबुतरं आहेत का? होती तर काय! स्वयंपाकघराच्या खिडकीवर, मागच्या भिंतीवर, टाकीवर, सगळीकडे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की त्यांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ फुप्फुसात जाते आहे. कबुतरं गेली नाहीत तर औषधाचा उपयोग नाही, आणि एकदा गेलेला श्वास पुरता परत येत नाही.

मग मी मोहीमच उघडली. कोणीतरी दाणे टाकत असणार याची मला खात्री होती, आणि मागच्या घरातल्या काकूंवर माझा संशय. त्या धार्मिक, सकाळी उठून गायीला पोळी घालणाऱ्या. मी त्यांच्या दारात जाऊन त्यांना माझ्या आईच्या फुप्फुसांचा फोटो दाखवला आणि विचारलं, हे पुण्य तुम्हाला पचेल का? बिचाऱ्या रडकुंडीला आल्या, आम्ही नाही टाकत म्हणाल्या. मी विश्वास ठेवला नाही. मग छर्रेकाकांना बोलावलं.

खुर्ची आली. काकांनी विचारलं, दाणे कोण टाकतं? मी ठणकावून सांगितलं, आमच्याकडे कोणीही नाही. आई स्वयंपाकघरात कणीक मळत होती, ती मळतच राहिली. मी म्हटलं, काका, एक-दोन पाडा म्हणजे बाकीची आपोआप येणार नाहीत. त्यांनी मान हलवली. "दाणा असला का दहा पडले तरी अकरावं येते," ते म्हणाले आणि लिंबाखाली बसले. दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले की पाखरं सकाळी सातला सगळी एकदम खिडकीशी येतात, घड्याळ लावल्यासारखी, आणि हे बरोबर दिसत नाही. मी म्हटलं, बरोबर काय नि चूक काय, आईला धाप लागून राहिली आहे, तुम्ही बंदूक काढा. चिडले की माझं मराठी असं थेट नागपूरचं होतं.

चौथ्या दिवशी त्यांनी बंदूक काढली. मी शाळेत जायची तयारी करून मागच्या दारात, कपडे धुण्याच्या दगडापाशी उभी होते. काका समोर, लिंबाखाली, मोगऱ्याच्या कुंडीशेजारी. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कठड्यावर एक जाडजूड राखाडी कबुतर येऊन बसलं. इतकं सोपं की मीसुद्धा पाडलं असतं. काकांनी नळी वाकवली, छर्रा बसवला, दस्ता खांद्याला लावला. आणि त्यांनी बंदूक बाजूला वळवून नळीचं टोक मोगऱ्याच्या कुंडीत खुपसलं आणि घोडा ओढला. मातीत फट् असा आवाज झाला आणि कबुतरं उडून गेली.

मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, मागे होतं काही. मी म्हटलं, मागे खिडकी आहे, खिडकीच्या मागे आमचं डब्यांचं फडताळ आहे, एखादा डबा फुटला तर मी बघून घेईन. ते नळी पुसत राहिले. माझ्या डोक्यात रात्रभराचा आईचा खोकला होता, डॉक्टरांचे शब्द होते, आणि हा माणूस चार दिवस आमच्या अंगणात हवा खात बसलेला. मी म्हटलं, "काका, तुमचा हात हलायला लागला असेल तर तसं सांगा. वयाचं असतं ते. उगाच आमचे दिवस कशाला घालवता?"

ते रागावले नाहीत. खुर्चीची घडी केली, बंदूक पिशवीत घातली. "असन," एवढंच म्हणाले. मी शाळेत निघून गेले, आणि दिवसभर आपण बरोबरच बोललो असं स्वतःला सांगत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मात्र एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. छर्रेकाका रोज सकाळी पावणेसातला मोपेड घेऊन मागच्या दाराशी येत. खुर्ची नाही, बंदूक नाही. आईशी दोन शब्द बोलत, चहा घेत आणि जात. मला वाटलं, चहाची सवय लागली. मी त्यांना काही म्हणत नसे, तेही माझ्याशी पहिल्यासारखंच, काय मॅडम, आज कोणाले शून्य दिलं, असं हसून बोलत. आणि महिना-दीड महिन्यात आमची कबुतरं कमी झाली. आधी टाकीवरची गेली, मग भिंतीवरची, मग खिडकीवर एखाद-दुसरं येऊन वाट पाहून जाणारं. मी खिडकीला जाळी लावून घेतली. आईचा खोकला हळूहळू उतरला. डॉक्टर म्हणाले, काय केलंत ते बरं केलंत. मीही मान डोलावली. मनात म्हटलं, मी शाळेत गेल्यावर काकांनी गुपचूप दोन-चार पाडली असणार, आणि कबूल करायला लाजत असणार. विचारलं मात्र नाही. जगातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण विचारणारी मी, तिथेच कशी गप्प बसले कोण जाणे. बहुधा कारण कळलं तर माफी मागावी लागेल, हे कुठेतरी ठाऊक होतं.

असं दोन वर्षं चाललं. गेल्या उन्हाळ्यात छर्रेकाका गेले. झोपेतच गेले, कोणाला त्रास दिला नाही. तेरवीला त्यांचा भाऊ गावाहून आला होता. उजव्या डोळ्याखाली दोन बोटांवर गालात मसुराच्या दाण्याएवढा खळगा. मी त्या खळग्याकडे इतका वेळ बघत राहिले की तो माणूस संकोचला. बंदूक त्याने गावी नेली. खुर्चीचं काय करायचं ते त्यांच्या घरच्यांना कळत नव्हतं, ती मी मागून घेतली.

चौदाव्या दिवशी सकाळी आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात कापडी थैली, थैलीत ओंजळभर ज्वारी. म्हणाली, "आता हे कोण नेईन?"

आणि मग तिने सगळं सांगितलं. बाबा रोज सकाळी सातला, मी शाळेच्या घाईत असताना, खिडकीतून कबुतरांना ज्वारी टाकत. ते गेले, पण सातला पाखरं येऊन बसायची ती बसायचीच. तिला ते बघवेना, म्हणून तिने टाकायला सुरुवात केली. डॉक्टरांनी मनाई केल्यावर तिने आपल्या परीने तोड काढली. नाकाला पदर बांधायचा, तोंड आतल्या बाजूला फिरवायचं आणि फक्त हात बाहेर काढायचा. कप्पाळ माझं! इकडे मी शेजारणीला रडवत होते आणि दाणे आमच्याच फडताळातून जात होते. त्या दिवशी छर्रेकाकांना कबुतराच्या मागे हाच हात दिसला होता, ज्वारीने भरलेला. मी दगडापाशी आडव्या बाजूला होते, मला दिसणं शक्य नव्हतं. त्याच दुपारी ते आईकडे आले. अजी वहिनी, म्हणाले, दाणे बंद नका करू, फक्त माह्याजवळ द्या, भाऊसाहेबांच्या, म्हणजे बाबांच्या, नावाने मी टाकत जाईन. आईने त्यांना गळ घातली होती की पोरीला सांगू नका, ती फार रागावते. त्यांनी नाही सांगितलं. रोज पावणेसातला ते ज्वारी घेऊन शहराबाहेर, दाभ्याच्या पुढे मोकळ्या माळावर जात. ज्याला मी कबुतरं मारायला बोलावलं, तो माणूस दोन वर्षं माझ्या घरचे दाणे कबुतरांना घालत होता.

मी आधी मागच्या काकूंकडे गेले. त्यांनी मला आत बोलावून चहा दिला, त्याने आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्वारी आता मी नेते. स्कूटरवर, खुर्ची मागे बांधून. दाणे टाकते आणि जरा वेळ लांब बसून बघते कोण कुठून येतं, कोण आधी उतरतं, कोण नुसतंच कडेला उभं राहतं. बघण्यासारखं पुष्कळ असतं, हे इतक्या उशिरा कळलं.

या महिन्यात मोगऱ्याची कुंडी बदलायला काढली. माती मोकळी करताना बोटाला काहीतरी टोचलं. शिशाचा छर्रा, खड्यावर आपटून एका बाजूने चपटा झालेला. मी तो धुऊन आईला नेऊन दाखवला. तिने उजव्या तळहातावर घेतला आणि उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाली की त्या दिवशी तोंड फिरवता फिरवता तिलाही बंदूक दिसली होती, खिडकीच्या फटीतून सरळ तिच्याकडे रोखलेली, आणि नंतर मी काय बोलले तेही तिने आतून ऐकलं होतं.

"हात जरासाबी हलला नव्हता वं त्यांचा," आई म्हणाली, आणि तिने मूठ मिटली.