सखीच्या काळजातली जाळी

सखीला पहिला मार बसला तो दापोड्याच्या गोदामात, सगळ्यांसमोर. तिचा नवरा मोरू तिथेच गाड्या भरायचा. सखी खोके उचलायची. पण थोड्या फेऱ्या झाल्या की तिला धाप लागे, छाती धडधडे आणि ती मटकन खाली बसे. सुपरवायझर रामनाथ मोरूला हसत म्हणाला, बायकोला खुर्ची आणून दे. मोरूने तिला केसांना धरून उभी केली आणि कानाखाली वाजवली.

मग ते रोजचंच झालं. हाताला येईल त्याने तो मारायचा, कधी पट्ट्याने, कधी जळणातल्या लाकडाने. सासू कमळा चुलीपुढे गप्प बसून राही. लहानपणापासून सखीला चढ चढवत नसे. आईसुद्धा तिला आळशीच म्हणायची. त्यामुळे मार खाताना चूक आपलीच आहे, असं सखीला वाटे.

एकदा विहिरीवरून येताना तिने हंडा वाटेत खाली ठेवला. मोरूने मागून लाथ घातली. ती पडली, तरी तो बरगड्यांत लाथा हाणत राहिला. तिच्या तोंडातून रक्त आलं तेव्हा कुठे थांबला. शेजारच्या ठमाबाईने तिला रिक्षात घालून भिवंडीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे सखीने सांगितलं, घसरून पडले.

दोन बरगड्या मोडल्या होत्या. पण छातीच्या एक्स-रे फोटोत हृदय मोठं दिसलं, म्हणून तिला ठाण्याला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीसारखी तपासणी केली आणि सांगितलं, हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आहे, जन्मापासूनचं.

सखीने विचारलं, "म्हंजे मी आळशी न्हाय?"

"नाही. एवढी वर्षं तुम्ही आजारी हृदयानिशी ओझी वाहिलीत."

सखी तिथेच रडायला लागली. ते रडणं दुःखाचं नव्हतं. मोरूच्या प्रत्येक फटक्याचा राग तिला त्या दिवशी पहिल्यांदा आला.

बरगड्या सांधल्यावर उपचार झाले. छाती उघडलीच नाही. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेली आणि मिटलेल्या छत्रीसारखी जाळी भोकात नेऊन उघडली. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, काही महिने छातीला मार लागता कामा नये. जाळी सुटली तर जिवावर बेतेल.

मोरूने तिची छाती पाहिली. टाका नाही, व्रण नाही. कामाला न जाण्यासाठी सगळं नाटक केलंस, म्हणून तो ओरडला. सखीने जाळीचं सांगितलं, तर त्याने कोपऱ्यातलं दांडकं उचललं.

"बघू तर तुझी जाळी," तो म्हणाला.

सखी मागे सरली तेव्हा तिच्या हाताला मुसळ लागलं. तिने ते सगळ्या ताकदीने त्याच्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज झाला, दांडकं पडलं. तो दुसरा हात उगारून आला तेव्हा तिने पुन्हा घातलं, खांद्यावर. तो विव्हळत खाली बसला तरी मुसळ वर उचललेलंच होतं. मग तिने ते खाली ठेवलं.

मोरूने तक्रार केली. पोलीस पाड्यावर आले आणि त्यांनी त्या वेळी घरातच असलेल्या कमळाला विचारलं. सखीला वाटलं, ही आता लेकाचीच बाजू घेणार. म्हातारीने पदर सावरला.

"पोरगाच मारतो तिला. आजपण तोच धावला. ती मेली असती."

सखी अंजूरला भावाकडे, सागरकडे राहायला गेली. सहा महिन्यांनी तपासणी झाली. जाळी नीट बसली होती. आता ती अंजूरच्याच एका गोदामात पॅकिंग करते. कोणी पटकन हात वर केला की अजून दचकते, आणि दचकल्यावर तिची मूठ आपोआप वळते.

कमळाच्या जबाबावरून मोरूवरच केस झाली, ती अजून चालू आहे. एका तारखेला तो कोर्टाबाहेर दिसला, मनगट वाकडंच जुळलेलं. डाव्या हाताने चहाचा ग्लास धरत होता. सागर म्हणाला, बघ, हात कायमचा गेला त्याचा. सखीने पाहिलं. तिला दया आली नाही, आणि दया न येण्याचीच तिला थोडी भीती वाटली.