साडूची कोरडी बोट

काही माणसांची प्रकृती सर्दीची असते, तशी सीटवाल्यांची मत्सराची होती. शेजारच्या चष्मेवाल्यानं दुकानाला नवी पाटी लावली, की यांचं जेवण दोन घासांनी कमी व्हायचं. समोरच्या सलूनवाल्याचा मुलगा परीक्षेत पहिला आला, तेव्हा यांना स्वतःला मूलबाळ नसूनही ते दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. एकदा दवाखान्यात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाचा रक्तदाब डॉक्टरांनी "अगदी छान आहे" म्हणून सांगितला. लगेच यांचा मोजला, तो अर्थातच वर निघाला.

बाकी माणूस सज्जन होता. बाजारामागच्या गल्लीत गाड्यांची सीटकव्हरं शिवायचं दुकान, म्हणून सगळे त्यांना सीटवाले म्हणत. रेक्झिनचे गठ्ठे, फोमचे तुकडे, मशीनच्या पायाशी दोऱ्यांचा गुंता, आणि या पसाऱ्यातून बाहेर पडणारी शिवण अशी, की गिऱ्हाईक सीटवर हात फिरवून विचारी, "हे शिवलंय का छापलंय?"  त्यावर सीटवाले नुसता चष्मा पुसत.

मत्सर तसा सगळीकडे वाटून दिलेला असला, तरी त्याचा मुख्य साठा एकाच माणसासाठी राखून ठेवलेला होता. तो म्हणजे साडू. थोरल्या मेहुणीचा नवरा. धंद्यानं लिफ्टमिस्त्री. नात्यानं मोठा, पण वयानं सीटवाल्यांहून दोन महिन्यांनी लहान. हे दोन महिने सीटवाले कधी विसरले नाहीत. तोंडावर ते त्याला "साडूभाऊ" म्हणत, मनात नुसतं "तो". त्यानं जुनी लहान मोटारबोट घेतली, महिन्याभरात यांनीही घेतली. धक्क्यावर दोघांना शेजारशेजारच्या जागा मिळाल्या. साडूला पाण्यात पाहणं आता नुसती सवय राहिली नव्हती, तिच्यासाठी रीतसर जागा भाड्यानं घेतलेली होती.

सासऱ्यांनी हयातभर नदीवर फेरीबोट चालवली होती. निवृत्तीनंतरही वर्षातून एकदा, पाऊस सरत आला की एका रविवारी, ते दोघा जावयांपैकी एकाच्या बोटीत बसून नदीच्या मुखापर्यंत जाऊन येत. कुणाच्या बोटीत, हे ठरवायची त्यांची एक रीत होती. आधी सीटवर तळवा टेकायचा, मग पायाखालच्या फळीवर. ओल लागली, की तळवा विजारीला पुसून निमूटपणे दुसऱ्या बोटीकडे वळायचं. त्यांच्या गुडघ्यांना ओल सोसत नसे. गेली तीन वर्षं त्यांनी सीटवाल्यांच्या बोटीवर तळवा टेकला होता, आणि गेली तीन वर्षं तो विजारीला पुसला होता.

वर ते थोरल्याला "अरे" म्हणत आणि धाकट्याला "अहो जावईबापू". त्यांना वाटे, आपण मान देतो आहोत. सीटवाल्यांना वाटे, आपल्याला ओसरीवर बसवलंय आणि तो आत स्वयंपाकघरात गेलाय.

यंदा सासऱ्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, "ही शेवटची. गुडघे आता पायरी उतरू देत नाहीत. पुढच्या साली काठावरूनच हात करीन."

म्हणजे रविवारी बसले तर बसले. नाहीतर साडूच्या खात्यावर चार आणि आपल्या खात्यावर शून्य, ते कायमचं.

खरं तर सीटवाल्यांच्या बोटीचं कव्हर अख्ख्या धक्क्यावर उठून दिसे. गडद हिरवा कॅनव्हास, पाच तुकड्यांत बेतलेला, कडेनं गोट, पितळी रिंगा, आणि मापाच्या कोटासारखा बोटीच्या अंगावर बसलेला. साडूचा कारभार असा: कपडे वाळत घालायचा एक मोडका स्टँड बोटीत मधोमध उभा केलेला, त्यावर निळा प्लास्टिकचा कागद टाकलेला, आणि तो सायकलच्या जुन्या ट्यूबांनी आवळलेला. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, आत कुणीतरी धुणं काढलंय. पण पाऊस पडून गेला की साडूची बोट आतून खडखडीत कोरडी, आणि सीटवाले बाहीसकट हात बुडवून मग्यानं पाणी उपसताहेत. बोटीचा तळ त्यांनी दोनदा तपासून घेतला. पाणी उपसायचा छोटा पंप बसवला, त्यात पानं अडकली. तळ चांगला होता, पंपही चांगला होता. कव्हराकडे मात्र त्यांनी संशयानं कधी पाहिलं नाही. स्वतःच्या मुलावर कोण संशय घेतं?

"अहो, ताईचा जुना स्टँड बोटीवर गेलाय," बायको एकदा म्हणाली. "आपलाही मोडायलाच आलाय. देऊ का?"

"माझ्या कव्हराखाली स्टँड?"

"मधे पाणी साचतं ना. पोट सुटल्यासारखं दिसतं ते."

"पोटबिट काही नाही. कॅनव्हास जरा सैलावतो इतकंच."

"स्वतःबद्दलही तुम्ही हेच म्हणता," बायको म्हणाली आणि आत गेली.

फेरीच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी आभाळ भरून आलं. सीटवाल्यांनी गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून सांगितलं, शटर ओढलं आणि ते धक्क्यावर आले. साडूच्या कागदाखाली नेमकी काय जादू आहे ती एकदा पाहायची होती. याला ते चोरी म्हणायला तयार नव्हते. अभ्यास म्हणत होते. आजूबाजूला कुणी नाही हे पाहून त्यांनी दोन ट्यूबा सोडवल्या आणि चारी पायांवर आत शिरले.

ते आत शिरले आणि पाऊस असा कोसळला, की बाहेर पडण्याचा प्रश्नच उरला नाही.

आत जादू काही नव्हती. स्टँड होता, त्याला अजून कपड्यांचा एक चिमटा लावलेला होता. बसायची साधी फळी होती. फळीखाली साडूच्या चपला होत्या, त्यासुद्धा कोरड्या. सीटवाले गुडघे पोटाशी घेऊन बसले. डोक्यावर पाऊस ताडताड वाजत होता आणि अंगावर एक थेंब येत नव्हता. शत्रूच्या घरी इतकं सुखरूप वाटावं, याचा त्यांना फार राग आला. कागदाच्या फटीतून त्यांची स्वतःची बोट दिसत होती. हिरव्या कॅनव्हासवर मधोमध पाणी साचत होतं, आणि पोट खाली खाली येत होतं.

पाऊस ओसरला आणि धक्क्याच्या फळ्यांवर पावलं वाजली. फटीतून पाहिलं तर एका छत्रीखाली सासरे आणि साडू. रविवारी पायरी उतरायला जमेल का, ते बघायला आले असावेत. आता बाहेर यायला हवं होतं. पण बाहेर येऊन सांगायचं काय, हे सुचेपर्यंत ते दोघं हिरव्या बोटीशी येऊन थांबलेही.

"बघ, झालं तळं," सासरे म्हणाले.

साडूनं कव्हराची एक बाजू सोडली. सासऱ्यांनी छत्री मिटून आत घातली आणि पोटाला खालून ढोसलं. साचलेलं पाणी घळाघळा नदीत गेलं.

"आता आतून शिवण बघ."

साडू वाकला. "एकेका टाक्याला एकेक थेंब. मण्यांची माळ लावल्यासारखी."

"इंचाला किती टाके असतील रे?"

त्या "रे"नं कागदाखाली एका माणसाला कळ आली.

"मोजता येत नाहीत," साडू म्हणाला. "असा टाका मी कुठे बघितला नाही, बाबा. मला साधं बटण लावता येत नाही."

"तिथेच घोटाळा आहे. टाका म्हणजे सुईचं भोक. जितका बारीक टाका, तितकी भोकं जास्त. गाडीच्या सीटवर काही पाऊस पडत नाही, तिथे खपून जातं. इथे टाका लांब हवा आणि शिवणीवर मेण हवं. फेरीबोटीच्या छताला आम्ही मेणबत्त्या घासायचो."

"मग सांगा ना त्यांना. तीन वर्षं झाली."

"जावयाला कसं सांगू? त्यात त्यांच्या हातच्या कामाबद्दल. तू सांग."

"मी सांगितलं तर ते बोट विकतील."

हे अगदी खरं होतं. कागदाखाली त्या क्षणी तोच विचार चालू होता.

"असो. तुझी कशी आहे बघू," सासरे म्हणाले, आणि पावलं जवळ आली.

"ट्यूबा कुणी सोडल्या?" म्हणत साडूनं कागद वर केला.

सीटवाले फळीवर बसलेले होते. हातात कपड्यांचा चिमटा होता. तो हातात कधी आला, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

"अरे," सासरे म्हणाले, "तू इथे?"

 साडूनं विचारलं, "कोरडं आहे ना, साडूभाऊ?"

सीटवाल्यांनी फळीकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं. "आहे," ते म्हणाले. लग्नानंतर त्यांनी साडूला दिलेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र.

सासऱ्यांनी आपली छत्री पुढे केली. "ही कव्हराखाली मधे उघडी ठेव. आणि घरी जाताना मेणबत्त्या घे. पांढऱ्या साध्या घे, वासाच्या नको."

शनिवारी दुकान बंद राहिलं. सीटवाल्यांनी धक्क्यावर मांडी घालून प्रत्येक शिवणीवर मेण घासलं आणि बायकोचं केस वाळवायचं मशीन घरून नेऊन ते जिरवलं. आपल्याच टाक्यांची भोकं बुजवताना त्यांना कसं वाटत असेल, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. बायको तेवढी म्हणाली, "स्टँड चालला नाही, छत्री चालते."

"छत्री बाबांची आहे," सीटवाले म्हणाले.

संध्याकाळी पाऊस चांगला तासभर पडला.

रविवारी सासरे एका जावयाचा खांदा धरून पायरी उतरले. सीटवाल्यांनी कव्हर काढलं, छत्री मिटली आणि ते बाजूला झाले. सासऱ्यांनी सीटवर तळवा टेकला. मग कण्हत वाकून खालच्या फळीवर टेकला. तळवा उलटा करून पाहिला. आणि ते सीटवर बसले.

सीटवाल्यांना मोटरची दोरी दोनदा ओढावी लागली.

साडूच्या बोटीत दोघी बहिणी बसल्या आणि दोन्ही बोटी निघाल्या. सीटवाल्यांनी तीन वर्षं या फेरीची वाट पाहिली होती. दर वर्षी मागच्या बोटीतून त्यांना सासऱ्यांचा आवाज पाण्यावरून ऐकू येई. सासरे साडूशी जाता-येता सारखं बोलत असत. काय बोलत, ते कळत नसे. म्हणून तर जास्त झोंबे. आज ते सगळं आपल्याला ऐकायला मिळणार होतं.

वळण येईपर्यंत सासरे झोपले होते. फोम मऊ होता, पाठ बेताची कलती होती, ऊन कोवळं होतं. हनुवटी छातीवर टेकली आणि बारीक घोरणं सुरू झालं. पलीकडच्या बोटीत बहिणी कशावरून तरी खिदळत होत्या, साडू त्यांना काहीतरी सांगत होता. इकडे जिंकलेला माणूस घोरणं ऐकत बसला होता. मोटर जरा मोठी करून त्यांना जागं करावं, असाही विचार सीटवाल्यांच्या मनात येऊन गेला.

तेवढ्यात साडूनं आपली बोट शेजारी आणली.

"झोपले?" त्यानं हलक्या आवाजात विचारलं.

"झोपले."

"कमाल आहे. माझ्या बोटीत तीन वर्षांत डोळा लागला नाही त्यांचा. सगळा वेळ एकच धोशा. डावीकडे घे, हळू घे, असं नाही रे तसं, तुझी फळी टोचते." साडू वाकून सीटकडे पाहत राहिला. तिचा गोट, तिचे कोपरे, तिच्यात रुतून बसलेले सासरे. "काय सीट केलीय तुम्ही."

त्या आवाजात काहीतरी ओळखीचं होतं. सीटवाल्यांनी कान दिला. आधी विश्वास बसेना, मग खात्री पटली. तिसऱ्याच दुकानात टांगलेली स्वतःची शिवण ओळखावी, तसा त्यांनी तो सूर ओळखला. आयुष्यभर तो आतून ऐकला होता. बाहेरून आज पहिल्यांदा.

"मला एक शिवून द्याल?" साडूनं विचारलं.

"बघू," सीटवाले म्हणाले, आणि त्यांनी मोटर आणखी हळू केली.