पोर्चमधली शोकसभा

त्या मंगळवारी अकरा वाजता माझ्यासमोरच्या टेबलावर बसणारा सहकारी गुणपत्रिका तपासता तपासता खुर्चीतच गेला.

तो निपाणीहून रोज पहिल्या बसनं बेळगावला यायचा. बारा वर्षं आम्ही समोरासमोर बसलो. पुस्तकांची देवघेव पुष्कळ, बोलणं बेताचं.

आमच्या विद्यापीठात कर्मचारी वारला की दुपारी तीनला सभागृहात दोन मिनिटं उभं राहायचं आणि मग कार्यालय बंद, असा रिवाज. त्याची सूचना कन्नडमध्ये मीच लिहीत आलो होतो. याचीही लिहिली. अधीक्षकांनी ती न वाचताच माझ्याकडं सरकवली.

"हा आपला न्हाय हो. एजन्सीचा कंत्राटी माणूस."

मी कागद उचलून जागेवर परत आलो. त्याची लाज अजून गेलेली नाही.

आमच्याकडं संघटनेचं काम शिपाई असलेल्या एक आक्का बघतात, खानापूरकडच्या. त्यांनी सभासदत्वाचा अर्ज माझ्यापुढं तीनदा धरला होता. 'मला त्यातलं कळत नाही' म्हणून तिन्ही वेळा मी पुस्तकात डोकं घातलं होतं. अंत्यसंस्काराहून परतल्यावर मीच त्यांच्याकडं गेलो.

"अर्ज द्या."

"कुणासाठी, अण्णा?"

"माझ्यासाठी."

"व्हय? आता कळाय लागलं म्हणा की."

मी तिथंच उभ्यानं सही केली.

दुसऱ्या दिवशी तीनला सभागृहाला कुलूप होतं, म्हणून आम्ही नऊ जण पोर्चमध्ये उभे राहिलो. त्यात सहा एजन्सीचे. उद्यापासून येऊ नका म्हणायला त्यांना एक फोन पुरला असता, तरी आले. मी सूचना वाचायला लागलो.

"मोठ्यानं वाचा, अण्णा. हे काय ग्रंथालय न्हाय," आक्का म्हणाल्या. "आत साहेबांच्या कानावर जाऊ दे."

मी पहिल्यापासून पुन्हा वाचलं. इतक्या मोठ्यानं मी शाळेत असतानाही कधी वाचलं नव्हतं. 'आपले सहकारी' म्हटल्यावर अधीक्षकांच्या खिडकीचा पडदा सरकला. कुणी जागचं हललं नाही.

चार दिवसांनी मला विद्यापीठाचं पत्र आलं: 'दिवंगत कर्मचाऱ्याची शोकसभा विनापरवानगी का घेतली, याचा खुलासा करावा.' आक्कांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"बघा," त्या म्हणाल्या, "मेल्यावर लागला की नोकरीला."

मी खुलासा एका ओळीत दिला. कर्मचारी होता म्हणून घेतली, पुढंही घेऊ.

माझी बदली वसतिगृह विभागात झाली. एजन्सीच्या दोघांना कमी केलं. एजन्सीच्या माणसाला विद्यापीठानंच कर्मचारी म्हटलेल्या त्या पत्राची प्रत घेऊन आम्ही त्यांच्यासाठी कामगार कार्यालयात जातो आहोत. निकाल लागलेला नाही. मूळ पत्र शिक्क्यासकट संघटनेच्या कपाटात आहे. मी सभासद आहे.