सावरीची दुलई

जे राजवाड्यात शोभतं ते घरातही शोभतं, अशी म्हैसूरच्या दरबारात एकदाच, तेही मागच्या रांगेत बसलेल्या आमच्या अण्णांची श्रद्धा होती. आज त्यांची जुनी उशी उसवताना सावरीचा कापूस नाकात गेला आणि ती दुपार आठवली. ताई लग्न होऊन मडिकेरीच्या थंडीत जाणार होती. तिच्या दुलईसाठी पिंजारी आला होता.

"सावरी बेडा, राव, नको. पिंजता येत नाही, गोळा होते. देशी कापूस घ्या."

"महाराजांच्या लोडांत सावरीच आहे."

सकाळपासून येरझारा घालणारी ताई थांबली. "अण्णा, महाराज लोडाला टेकतात. लोड पांघरत नाहीत."

अण्णांनी सावरीच भरवली. पहिल्याच हिवाळ्यात ती सगळी ताईच्या पायांशी जमली. तिनं दुलई उसवून चार उशा केल्या आणि एक अण्णांना पाठवली. अण्णा तिला शेवटपर्यंत लोड म्हणत.