रानातला वैद्य

समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ रविवारी सकाळी संगणकावरच्या एका खेळात वैद्य होतात. मी वर्तमानपत्र मागायला जातो आणि बघत बसतो. खाली धायरीचा रस्ता गजबजलेला असतो, पडद्यावर मात्र धुक्यात बुडालेलं एक रान. पूर्वी सहाजण मिळून त्यात शिरत. जखमींना बरं करणं यांचं काम. आता जो तो एकटा खेळतो. सोबतीही संगणकच पुरवतो.

"तुम्हीही घ्या की ते सोबती," मी एकदा म्हणालो.

"अहो, ते सांगाल तसं वागतात. भांडायचं कुणाशी?"

हे गृहस्थ अजून रानाच्या तोंडाशी थांबतात आणि येणाऱ्याला "आपण बरोबर जाऊ या?" असं लिहून विचारतात. गेल्या रविवारी एक नवखा आला. "नको, एकटाच बरा," असं उत्तर देऊन आत शिरला.

"बरं," हे पुटपुटले आणि अंतर ठेवून त्याच्यामागे निघाले. लांडगे त्याच्यावर तुटून पडले, तेव्हा यांनी झाडाआडून त्याच्या जखमा भरल्या. एकदा नव्हे, चारदा. त्याला कळलंही नसावं. रान संपल्यावर त्याने सर्वांना दिसेल असं लिहिलं, "एकट्याने पार केलं."

यांनी ते सावकाश वाचलं. "अभिनंदन," असं टाइप केलं आणि धुक्यातून एकटेच माघारी वळले.