निळ्या नावेचं ठिगळ

वैशाखातलं धुळ्याचं ऊन आठ वाजताच पत्र्यावर येऊन बसतं. म्हणून रहिमाबी साडेपाचलाच शेडमध्ये असायची. थंडीत फायबरचं रेझिन घट्ट व्हायला जेवढं हार्डनर लागतं, त्याच्या निम्मंही या दिवसांत जास्त होतं. हात जरा रेंगाळला की डब्यातल्या ब्रशचा दगड झालाच. साडेदहाच्या आत ओलं काम उरकायचं, मग घासकाम, असा तिचा उन्हाळ्यातला नेम.

पहिलं काम ठरलेलं. काल उरलेलं रेझिन निळ्या बादलीच्या तळाशी घट्ट झालेलं असायचं. बादली पालथी करून ती ओट्यावर आपटायची, बाजूंनी दाबायची, की आतली चकती भाकरीसारखी सुटून पडायची. बादली पुन्हा कोरी. सव्वीस वर्षं हेच. पाचोऱ्याहून लग्न होऊन ती धुळ्याच्या देवपुरात आली तेव्हा नवरा, नासीर, कूलरच्या कारखान्यात फायबरच्या बॉड्या करायचा. पुढं कारखाना बंद पडला, नासीरचे गुडघे गेले आणि काम आपसूक तिच्या हातात आलं. पहिल्या वर्षी काचेच्या धाग्यांच्या मॅटची कुसळं अंगात शिरून ती रडकुंडीला आली. मग कातडी निबर झाली आणि स्वभावही. गल्लीतले म्हणायचे, रहिमाबीला राग आला असेल त्या दिवशी रेझिनला हार्डनर लागत नाही.

तो राग बहुतेक वेळा नासीरनं ओढवून आणलेला असायचा. त्याला नाही म्हणता यायचं नाही. कुणी काहीही घेऊन आलं की 'हो जायेगा'. चार दिवसांत गाडीची केबिन, दोन दिवसांत पाण्याची टाकी. होकार त्याचा, हात तिचे.

त्या सकाळी चकती अजून ओट्यावरच होती, तोवर दारात टेम्पो थांबला. मागं एक निळी नाव पालथी बांधलेली. पुढून योगेंद्र उतरला. चाळीसगावाकडच्या एका धरणकाठच्या गावात तो पंचायतीची सगळी कामं करवून घ्यायचा. त्याच्या मागून द्रौपदाबाई उतरली. ती नाव तीच वल्हवायची.

"नासीरभाऊंशी काल बोलणं झालंय," योगेंद्र म्हणाला. "एवढी चीर बुजवायची. उद्या साहेब नावेच्या पाहणीला यायचेत."

रहिमाबीनं नासीरकडं पाहिलं. तो चहाच्या कपात बघत बसला.

नावेच्या पोटाला हातभर चीर होती. उन्हाळ्यात पाणी उतरलं, खालचे खडक वर आले आणि नाव घासून घासून फाटली होती. रहिमाबीनं चिरेच्या कडेवरून ब्लेड फिरवलं, नखाएवढी साल काढली आणि पाण्याच्या पेल्यात टाकली. साल तरंगत राहिली.

"नाही लागणार," ती म्हणाली.

"का?"

"नळाच्या पीव्हीसी पाइपाचं प्लास्टिक असतं तर बुडालं असतं. त्याला घासून फायबर लावता येतं. हे बादलीचं, ड्रमचं प्लास्टिक. याला काही धरत नाही." तिनं ओट्यावरची चकती त्याच्या हातात दिली. "हे रेझिनच आहे. काल बादलीत घट्ट झालं, आज आपटलं की सुटलं. तुमची नाव म्हणजे मोठी बादली, योगेंद्रभाऊ."

"भाभी, तुमचं फायबर फक्त कूलरलाच चिकटतं काय?" योगेंद्र हसला. "दिसायला नीट झालं की बस. पावसाळ्यापर्यंत ढकलू."

"तीन वर्षांपूर्वी शेजारची काळी टाकी अशीच बुजवली होती मी. बारा दिवस राहिली. टाकीतून पाणी जातं. नावेत पाणी येतं."

द्रौपदाबाई इतका वेळ टेम्पोच्या सावलीत उकिडवी बसली होती. ती म्हणाली, "अक्का, हाई नाव सकाय पाण्यामा जाई का नई, इतलंच सांग. पलीकडे भुईमूग उपटाले अठरा बाया नेन्या शेतस. माले पोहता येस. त्यास्ले येत नई."

"नाही जाणार," रहिमाबी म्हणाली. "परत घेऊन जा."

बोलणं संपलं असं तिला वाटलं. आपण एकदा नाही म्हटलं की संपलं, असं सव्वीस वर्षांनंतरही तिला वाटायचं. हार्डनरची बाटली तळाला गेली होती. ती बुरखा अडकवून पांझरा नदीपलीकडच्या दुकानात गेली. दुकान उघडायला उशीर, पुढं गर्दी. परत यायला तास-सव्वातास लागला.

आली तेव्हा नाव शेडमध्ये दोन टायरांवर पालथी होती आणि तिच्या पोटावर ठिगळ होतं. सुरेख होतं, हे तिलाही नाकारता आलं नसतं. नासीरचा हात अजून गेला नव्हता: कड कागदासारखी पातळ आणलेली, वर नावेसारखाच निळा रंग. बाटलीच्या तळचं हार्डनर आणि हे ऊन, ते केव्हाच कडक झालं होतं. योगेंद्र मोबाइलवर फोटो काढत होता.

"पॉलिश पेपरनं खूप घासलंय," नासीर घाईनं म्हणाला. "गरमही केलं. हो जायेगा."

"चूप बैठो," रहिमाबी म्हणाली.

आवाज चढला नव्हता, म्हणून नासीर जास्त घाबरला. हा माणूस लोकांपुढं गोड राहणार, आणि त्याच्या गोडव्याखाली अठरा बाया बसणार. तिनं ओट्यावरची पातळ लोखंडी पत्री उचलली आणि ठिगळाच्या कडेखाली घातली.

"तू काय करस?" द्रौपदाबाई उठून उभी राहिली.

"जवळ ये. तुलाच बघायचंय."

एका कोपऱ्यात टक्क वाजलं. रहिमाबीनं पत्री टाकली, बोटं आत घातली आणि ओढलं. करकर आवाज करत सगळं ठिगळ एकसंध हातात आलं. धागाही नावेला चिकटून राहिला नाही. ठिगळाच्या आतल्या बाजूला पॉलिश पेपरचे ओरखडे जसेच्या तसे उमटले होते. खाली चीर तशीच.

"तुम्ही ओढलंत म्हणून निघालं," योगेंद्र तडकला. "पाणी काय हात घालून ओढतं?"

"ही चीर कुणी पाडली? मी?"

"खडकानं."

"मग तो खडक उद्या सुट्टीवर आहे काय?"

टेम्पोवाला खुदकन हसला. योगेंद्रनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो टायर तपासायला गेला.

"आणि फोटो काढत होतास," रहिमाबीचा आता 'तुम्ही' सुटला. "तू बसतोस का त्या नावेत? बस. तुझी आई बसव. मग मी दुसरं ठिगळ लावते, याच्याहून देखणं."

योगेंद्रनं मोबाइल खिशात टाकला.

"जळगावात शेतातले काळे पाइप वितळवून जोडणारे आहेत. याच प्लास्टिकची काडी लावून, गरम हवेनं सांधतात. ते राहील. तिकडं न्या."

"उद्यापर्यंत कसं होईल? पाहणी उद्या आहे."

"ते माझ्या हातात नाही."

द्रौपदाबाईनं ठिगळ हातात घेतलं, उलटसुलट केलं, वाकवून पाहिलं. मग योगेंद्रला म्हणाली, "भाऊ, सकाय नाव बंद. बाया बांधवरतून फिरीसन जातीस. आठ किलोमीटर चालनं पडी, चालतीस."

"अन् साहेबाला काय सांगू मी?"

"काही नको सांगू. हाई दखाड." तिनं ठिगळ त्याच्यापुढं धरलं. त्यानं घेतलं नाही, तेव्हा तिनं ते काखेत मारलं.

नाव पुन्हा टेम्पोवर चढवून बांधली. नासीर लंगडत दोर आवळायला गेला. रहिमाबीनं त्याला अडवलंही नाही आणि मदतही केली नाही. द्रौपदाबाई या खेपेला पुढं बसली नाही. मागं नावेशेजारी पाय सोडून बसली, मांडीवर ते निळं ठिगळ. टेम्पो हलताना तिनं हात वर केला. रहिमाबीनं मान हलवली.

"चहा ठेवू?" नासीरनं विचारलं.

ती ओट्याकडं वळली. दिवसभर बोलणार नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. दोन कूलरच्या बॉड्या अर्ध्यावर होत्या, ऊन डोक्यावर येत होतं. नासीरनं ठिगळासाठी कालवलेलं रेझिन बादलीत तसंच सोडून दिलं होतं. त्याचा दगड झाला होता, अजून ऊनऊन लागत होता. तिनं बादली पालथी केली, ओट्यावर आपटली. चकती सुटून पडली. तिनं बादली पदराच्या टोकानं पुसली आणि नवं रेझिन ओतायला घेतलं.