रुमाल टाकलेली सीट

"अरे सुभ्या, दार उघड! माझं फ्लाइट चुकेल रे!"

ओरडणारा मीच. आवाज असा की पार शारजात, रोल्ला बाजारातल्या दुकानांची शटर्स थरथरली असतील... आणि मी होतो कुठे? अल क्वोजच्या वर्कशॉपमध्ये, चाकं काढून ठोकळ्यांवर ठेवलेल्या ट्राममध्ये!

आधीच सांगतो — भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या कणकवलीकडची भुतं मला बघून रस्ता बदलतात.

ही ट्राम शंभर वर्षांची, लाकडी, युरोपातल्या कुठल्याशा डोंगराळ शहरातून आणलेली. मॉलमध्ये तिचा कॅफे होणार होता. पॉलिशचं काम माझं आणि माझ्या मेव्हण्याचं, सुभाषचं. त्या दिवशी संध्याकाळी सातचं माझं फ्लाइट, दुसऱ्या दिवशी गावी लेकीचा साखरपुडा. चारला निघायचं होतं. दुपारी जेवून म्हटलं, जरा पाठ टेकू. जुनी खोड... एसटीत टाकतात तसा खिडकीतून सीटवर रुमाल टाकला.

सुभाष हसला. "टाका भावोजी, टाका. गर्दी फार आहे!"

आत जाऊन बसलो मात्र — घंटा वाजली, दार धाडकन बंद, आणि ट्राम चढायला लागली! करूळ घाट सपाट वाटावा असला चढ. बाहेर दगडी बोळ, कौलारू घरं इतकी जवळ की कुणाच्या खिडकीतला पाव उचलावा. लांब खाली समुद्र. सीन झकास, पण थांबा एकही नाही! दार ओढलं, लाथा घातल्या, दहा माणसांचं बळ लावलं — म्हणजे माझं नेहमीचंच. हलेना. घड्याळात पावणेचार!

वळलो तर माझ्या सीटपाशी एक म्हातारी उभी. काळी शाल, हातात टोपली, दांडीला धरून डुलतेय. नजर रुमालावर. सीट रिकामी, आणि बाई उभी!

लाजच वाटली. एसटीत असल्या माणसाला मीच शिव्या घातल्यात — जायचं नाही, तर रुमाल कशाला टाकतोस?

रुमाल उचलला. "बसा आजी. मला कुठेच जायचं नाही."

ती बसली. घंटा वाजली. दार उघडं... समोर सुभाष. "यल्ला भावोजी, चला, चार वाजले."

साखरपुड्याला वेळेत पोचलो. पण हे काय होतं, ते आजही मला सांगता येत नाही. एअरपोर्टच्या वाटेवर सुभाषवर मात्र उखडलो होतो, "घसा फोडून ओरडत होतो, दार का नाही उघडलंस?"

त्याने इंडिकेटर दिला, लेन बदलली.

"दार उघडंच होतं, भावोजी. तुम्ही त्या म्हातारीशी बोलत होतात, म्हणून मी थांबलो."